रेसिडेंट डॉक्टरांचं लर्निंग अ‍ॅप नव्याने बनवलंय: रात्री दोनला कामाला येतं, लॉगबुकने मात्र नाकी नऊ आणलेत

आमच्या मेडिकल कॉलेजने पीजी रेसिडेंट्ससाठी एक डिजिटल लर्निंग प्लॅटफॉर्म घेतलाय, वेबसाइट पण आहे आणि अ‍ॅप पण, आणि मधे कंपनीने तो अख्खा नव्याने डिझाइन करून दिला. नाव लिहीत नाही, कॉलेजचा करार आहे आणि मला अजून थिसिसवर सह्या घ्यायच्यात, ज्यांच्याकडे आहे त्यांना वाचता वाचता कळेलच. मी एमडी मेडिसिनला जेआर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट, आहे, सरकारी कॉलेज, म्हणजे जुनं व्हर्जन पण भोगलंय आणि नवीन पण रोज वापरतेय. पैसे कॉलेजने भरलेत त्यामुळे किमतीबद्दल काही बोलत नाही.

आधी जुन्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर नव्यात काय सुधारलं ते कळणार नाही. जुन्यात उघडल्या उघडल्या पेपर एक ते पेपर चार असे चार डबे यायचे, बरोबर विद्यापीठाच्या परीक्षेसारखे, पहिला बेसिक सायन्सेसचा आणि शेवटचा रीसेंट अ‍ॅडव्हान्सेसचा. आता मला सांगा कॅज्युअल्टीत धापा टाकणारी बाई आलीये तर ती कुठल्या पेपरातली ते मी कशी ठरवू. सर्चमध्ये ‘डीकेए’ (डायबेटिसमधे रक्तातलं आम्ल वाढण्याची इमर्जन्सी) टाकलं तर शून्य रिझल्ट, कारण व्हिडिओचं नाव ‘डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस भाग १’ आणि सर्च फक्त नाव जसंच्या तसं जुळवायचा. बरं नाव पूर्ण टाइप करून भाग १ लावला तर आधी सरांची ओळख, मग त्यांची कॉलेजं, मग इन्सुलिनचा शोध, १९२१ चं टोरंटो वगैरे. इतिहास मलाही आवडतो हो, पण पोस्ट-इमर्जन्सीला, म्हणजे इमर्जन्सी ड्युटीच्या दुसऱ्या दिवशी, चहा पिताना. त्यात लॉगिनचा ओटीपी अ‍ॅडमिशनच्या वेळी दिलेल्या नंबरवर जायचा आणि अर्ध्या पोरांनी तेव्हा बाबांचा नंबर दिलेला, म्हणजे मध्यरात्री लातूरला फोन करून बाबांना उठवून ओटीपी विचारायचा हा प्रकार आमच्या युनिटमधे खरोखर चालायचा.

नव्यात हे सगळं गेलंय आणि मनापासून सांगते, सुटका झाली. उघडलं की तीनच दारं आहेत: ‘वॉर्डात आहे’, ‘अभ्यास करायचाय’, ‘लॉगबुक’ (आपण केलेल्या प्रोसिजरची नोंदवही). बस. सर्च वरती नाही, खाली अंगठ्याजवळ आहे, कारण दुसऱ्या हातात काहीतरी असतंच, बीपी अ‍ॅपरेटस नाहीतर सॅम्पल नाहीतर पेशंटच्या नातेवाइकाने हातात कोंबलेले जुने रिपोर्ट. शॉर्टफॉर्म चालतात, स्पेलिंग चुकलं तरी चालतं, सोडियम कमी असं मोडकंतोडकं टाकलं तरी हायपोनॅट्रेमियाचं पान येतं. हे ज्याने कोणी केलं त्याला माझ्याकडून एक कटिंग.

आता खरी गंमत पानाच्या आत आहे. डीकेएचंच घ्या, कारण तेच मी सगळ्यात जास्त उघडलंय. सगळ्यात वर ‘पहिला तास’ नावाची पट्टी, त्यात पाच-सहा ओळी आणि पहिली ओळ इन्सुलिनची नाही. पहिली ओळ सलाइन चालू करा आणि पोटॅशियम पाठवा. खाली ठळक अक्षरात, पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा, आधी पोटॅशियम द्या. इन्सुलिन गेलं की पोटॅशियम पेशींच्या आत जातं, रक्तातलं अजून उतरतं, आणि आधीच कमी असलेल्या पेशंटमधे मग हृदयाचे ठोके बिघडून माणूस हातचा जाऊ शकतो, नवीन जेआर वनला साखर ५०० दिसली की हात आधी इन्सुलिनकडेच जातो म्हणून ती ओळ तिथे असणं फार महत्त्वाचं आहे. मग इन्सुलिन तासाला किलोमागे ०.१ युनिट, साखर २५० च्या खाली आली की डेक्स्ट्रोज जोडा पण इन्सुलिन बंद करू नका, बायकार्ब (आम्ल उतरवणारं औषध) फक्त रक्ताचा पीएच ७ च्या खाली असेल तरच. एवढं वाचायला मिनिट पण लागत नाही. वजन टाकलं की पंपावर किती लावायचं ते आकडा काढून देतं. खाली सरकवलं तर ‘असं का’ हा भाग आहे आणि त्याच्याही खाली व्हिडिओ, तो पण कापून आठ-दहा मिनिटांचे तुकडे केलेत आणि सरांची ओळख उडवलीये, जय हो.

आणि एक बारीक गोष्ट जी मला सगळ्यात जास्त आवडली. पानाच्या वरच्या कोपऱ्यात ते शेवटचं कधी तपासलं ती तारीख आहे आणि काय बदललं ते पिवळ्या पट्टीत लिहिलंय. आम्ही सगळ्यांनी पोटॅशियमचा आकडा ३.३ असा पाठ केलेला, तो २००९ च्या अमेरिकन कन्सेन्ससमधला, २०२४ च्या नव्या कन्सेन्ससमधे तो ३.५ झाला आणि निदानासाठी साखरेची मर्यादा २५० वरून २०० वर आणली, शिवाय आधीपासून डायबेटिस असेल तर साखर तेवढी नसली तरी निदान करता येतं. कारण ते ग्लिफ्लोझिन गटातल्या डायबेटिसच्या गोळ्या घेणारे पेशंट आता आपल्याकडे पण ढिगाने आहेत आणि त्यांच्यात साखर फार न चढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होतो. हे मला पुस्तकातून कळलं नसतं, पुस्तक मागच्या आवृत्तीचं आहे आणि सिनियरकडून वारशाने आलंय. पिवळ्या पट्टीतून कळलं. राऊंडला सरांनी ३.३ म्हटलं तेव्हा मी काही बोलले नाही ते सोडा, नंतर चहाच्या वेळी पट्टी दाखवली तर सर म्हणाले, “पाठव की गं ग्रुपवर.” आणि घोडं इथेच अडलं, पाठवता येत नाही. स्क्रीनशॉट काळा येतो, शेअरचं बटण नाही, वर पूर्ण पानभर माझा मोबाइल नंबर फिकट अक्षरात तरंगतोय. पायरसीची भीती समजते, लोक व्हिडिओ चोरून टेलिग्रामवर टाकतात हे सगळ्यांना माहितीये, पण व्हिडिओला कुलूप लावा ना, पोटॅशियमच्या एका ओळीला कशाला.

ऑफलाइनचं काम चांगलं झालंय. आमचा जुना वॉर्ड दगडी, भिंती दोन हात जाड, सीटी स्कॅन तळघरात, नेटवर्कच्या नावाने बोंब. आता ‘वॉर्डात आहे’ मधली सगळी पानं फोनमधे उतरून राहतात, फक्त अक्षरं आणि साध्या आकृत्या असल्याने जागा पण फार खात नाहीत, आणि व्हिडिओचा नुसता आवाज पण डाउनलोड होतो. हॉस्टेल ते हॉस्पिटल चालताना ऐकते मी, छान वाटतं. वाय-फायवर असताना गुपचूप अपडेट होतं. यात नाव ठेवायला जागा नाही, पुढे जाते.

क्विझ. आधी एमसीक्यूचा नुसता ढीग होता. आता तुम्ही चुकलेला प्रश्न दोन-तीन दिवसांनी परत येतो, बरोबर आला की आठवड्याने, मग महिन्याने. हे काही नवीन खूळ नाही. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांचा २००६ चा प्रयोग आहे, विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले, काहींनी परत वाचले आणि काहींनी न बघता आठवून लिहिले, पाच मिनिटांनी विचारलं तर परत वाचणारे पुढे (८१ विरुद्ध ७५ टक्के) आणि आठवड्याने विचारलं तर उलटं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवत होतं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. आपण सगळे हायलायटर घेऊन तेच पान चौथ्यांदा रंगवणारे लोक, आपल्याला हे पचायला जड जातं. पण खरंय. एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू आणि आम्लता यांची तपासणी) मला कायम अर्धवट यायचं, आता अ‍ॅनायन गॅपचं गणित झोपेत विचारा. प्रश्न पण नुसते ‘खालीलपैकी कोणते’ छापाचे नाहीत, एक्सरे दाखवतात, ईसीजी दाखवतात, पुढे काय कराल विचारतात, आणि उत्तर दिल्यावर चारही पर्याय का बरोबर का चूक ते लिहिलेलं असतं. सुपरस्पेशालिटीच्या नीटवाल्यांना याचा फायदा होईल.

पण त्यावर त्यांनी जो खेळ चढवलाय ना. रोज उघडलं की ज्योत पेटते, एक दिवस चुकला की विझते, आणि बॅचमधे कोण कितवा त्याची यादी. अरे बाबांनो, इमर्जन्सीच्या दिवशी मला दात घासायला मिळत नाहीत, माझी ज्योत कशी पेटणार? आमच्यातला एक जण आयसीयू पोस्टिंगला आहे तो तळाला आणि हलक्या पोस्टिंगवाला पहिला, आणि ही यादी हेडच्या डॅशबोर्डवर पण दिसते. मीटिंगमधे विषय निघाला होता, “तुम्ही अ‍ॅक्टिव्ह नाही आहात प्लॅटफॉर्मवर.” तो बिचारा आदल्या रात्री तीन व्हेंटिलेटर सांभाळत होता. त्याने काही उत्तर दिलं नाही, खाली मान घालून बसला, आम्हालाच राग आला.

आणि व्हिडिओचं तर हसावं की रडावं. व्हिडिओ नव्वद टक्के चालला तरच हिरवी टिक, आणि टिक मोजून महिन्याचा रिपोर्ट. मग काय होणार? ड्युटीरूममधे चार्जिंगला लावलेले तीन-चार फोन आवाज बंद करून भिंतीला लेक्चर देत बसलेले असतात, मालक वॉर्डात रक्ताचे सॅम्पल गोळा करतोय. डिझाइन करणाऱ्यांच्या रिपोर्टमधे एंगेजमेंट वाढलेली दिसत असेल, भिंतीला नेफ्रोलॉजी येत असेल एव्हाना. मिलर म्हणून एक शिक्षणतज्ज्ञ होते, त्यांनी १९९० मधे पिरॅमिड मांडला, माहिती आहे, कसं करायचं ते माहितीये, करून दाखवता येतं, आणि सगळ्यात वर प्रत्यक्ष करतो. मेडिकल एज्युकेशन युनिटच्या प्रत्येक वर्कशॉपमधे ती स्लाइड असतेच. आणि डॅशबोर्ड मोजतोय काय तर पिरॅमिडच्या तळाच्याही खाली, फोन चालू होता की नाही.

उलट त्याच अ‍ॅपमधे एक गोष्ट अशी आहे की ज्यासाठी मी त्यांना डोक्यावर घेईन आणि तिचं कोणी नाव पण काढत नाही. मिनी-सेक्स म्हणतात (हसू नका, मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज, सरळ नाव आहे, अमेरिकेतल्या इंटर्नल मेडिसिन बोर्डाकडून आलेलं). तुम्ही पेशंट तपासताना सिनियर शेजारी उभे राहून बघतात आणि लगेच दोन मिनिटात सांगतात काय बरं झालं काय राहिलं. कागदावर हे आमच्याकडे आधीपासून होतं, म्हणजे वर्षाच्या शेवटी एका बैठकीत सगळे फॉर्म भरायचे, ये रे माझ्या मागल्या. आता अ‍ॅपमधे ते माझ्याच फोनवर उघडतं, फोन मॅडमच्या हातात द्यायचा, चार-पाच टप्पे, एक ओळ टाइप नाहीतर बोलून, आणि त्यांचा चार आकडी पिन. संपलं. मागे मी एका सिरॉसिसच्या (लिव्हर खराब झालेल्या) काकांना तपासत होते, मॅडम बघत होत्या, नंतर त्यांनी फोनमधे बोलून ठेवलं, “हात पुढे करायला सांगितलेस, फ्लॅप बघितलास, पण काका दहाच सेकंदात हात खाली घेतात आणि तू पुढे जातेस, थांब जरा, मोज.” (फ्लॅप म्हणजे लिव्हरच्या आजारात पुढे केलेल्या हाताची फडफड.) तेवढंच. पण ते तारखेसकट साठवलेलं आहे, पुढच्या वेळी त्याच प्रकारची केस निवडली की आधी तेच वाक्य समोर येतं. तीन वर्षांत मला मिळालेलं सगळ्यात कामाचं फीडबॅक असं फोनमधे पडून आहे. हे डॅशबोर्डवर दिसत नाही. का, तर त्याला टक्केवारी नाही.

आता लॉगबुक. इथे दम लागणार आहे.

नॅशनल मेडिकल कमिशनच्या २०२३ च्या पीजी नियमांपासून लॉगबुकवर जरा जास्तच जोर आलाय आणि सगळी कॉलेजं ई-लॉगबुकच्या मागे लागलीत, त्यामुळे नव्या डिझाइनमधे लॉगबुक आतच घातलं, कल्पना चांगली. एन्ट्री करणं पण सोपं केलंय, प्रोसिजर निवडा, नुसतं बघितलं, मदत केली, देखरेखीखाली केलं का स्वतः केलं ते निवडा, झालं. आधी यात एवढे रकाने होते की एका असायटिक टॅपची, म्हणजे पोटातलं पाणी सुईने काढल्याची, एन्ट्री करायला टॅपपेक्षा जास्त वेळ जायचा. पण मग ती एन्ट्री मंजूर कोण करणार? गाइड, म्हणजे थिसिसचे मार्गदर्शक. कशी? त्यांच्या ईमेलवर लिंक जाते. माझ्या गाइड सरांच्या इनबॉक्सला हजारो न वाचलेले मेल आहेत, त्यात पन्नास कॉन्फरन्सवाले, त्यात माझी लंबर पंक्चर (मणक्यातून पाणी काढल्याची एन्ट्री). महिनोन्महिने ‘प्रलंबित’. आणि रात्री तीनला ती प्रोसिजर शेजारी उभं राहून करून घेणारे लेक्चरर वेगळेच असतात, कंत्राटी, सहा महिन्यात दुसरीकडे गेलेले, त्यांना मंजुरीचा अधिकारच दिलेला नाही. अहो मग मिनी-सेक्सला जो पिन चालतो तो इथे का चालत नाही? एकाच अ‍ॅपमधे एका खोलीत उत्तर ठेवलंय आणि शेजारच्या खोलीत प्रश्न. बहुतेक दोन वेगळ्या टीमनी बनवलंय आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत, मेडिसिन आणि सर्जरीसारख्याच.

जुन्या एन्ट्री नव्यात आणताना तर कहर झाला. सगळ्या आल्या, पण सगळ्यांची तारीख एकच, ज्या रविवारी त्यांनी डेटा हलवला ती. म्हणजे कागदोपत्री बघाल तर मी एका रविवारात पहिल्या वर्षातले सगळे टॅप, सगळ्या सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घालायच्या नळ्या) आणि तेवढेच सीपीआर केलेत. तक्रार केल्यावर उत्तर आलं की मूळ तारीख ‘रिमार्क्स’ मधे जतन आहे. रिमार्क्स प्रिंटमधे येत नाहीत. नंतर सुधारलं म्हणा, पण मधल्या काळात ज्यांना परीक्षेचा फॉर्म भरायचा होता त्यांची फरफट झाली.

अजून एक, आणि हे चेष्टेचं नाही. एन्ट्रीला पुरावा म्हणून फोटो जोडा असं येतं आणि पेशंटचा आयपीडी नंबर (दाखल पेशंटचा नोंदणी क्रमांक) मागतं. पोरं घाईत केस पेपरचाच फोटो टाकतात, नावासकट, निदानासकट. एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर आमच्या वॉर्डातल्या बायाबापड्यांची नावं, एचआयव्हीचे रिपोर्ट, कोणी परवानगी घेतली? २०२३ ला डेटा संरक्षणाचा कायदा आला, त्याआधीही पेशंटचं गुपित राखणं हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलंच होतं. फोटो टाकायच्या आधी नाव झाकायची पट्टी देणं काही रॉकेट उडवणं नाही. आयपीडी नंबर वगळून वय, लिंग आणि वॉर्ड एवढंच ठेवलं तरी लॉगबुक भागतं. हे एक आधी करा, बाकी रंगरंगोटी नंतर.

आता मजकुरातलं भगदाड. जुन्या व्हर्जनमधे कुठल्यातरी कोपऱ्यात सर्पदंश आणि विंचूदंशावर दोन धडे होते, एका वयस्कर सरांनी साध्या टेबलासमोर बसून रेकॉर्ड केलेले, आवाज घुमतोय, पण सोन्यासारखे. वीस मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट त्यांनी कॅमेऱ्यासमोर करून दाखवलेली, दोन मिली ताजं रक्त, कोरडी स्वच्छ काचेची टेस्ट ट्यूब, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग हळूच तिरकी करायची, रक्त वाहिलं तर गोठत नाहीये, घोणस किंवा फुरसं समजा, अँटीव्हेनम लावा. आणि सर बजावून सांगायचे की काचेचीच घ्या, प्लास्टिकमधे रक्त नीट गोठत नाही, उगाच टेस्ट पॉझिटिव्ह वाटेल. मण्यारबद्दल सांगायचे की जमिनीवर झोपलेला माणूस, रात्री कळत पण नाही, चावल्याची खूण सापडत नाही, पहाटे पोट दुखतंय म्हणून येतो आणि मग पापण्या मिटायला लागतात. नव्यात शोधलं तर हे धडे गायब. सर्पदंशाचं एक पान आहे, पण त्यात बाहेरच्या देशातले साप आणि आपल्याकडे जे अँटीव्हेनम मिळतच नाही त्याची नावं. विंचवाचं तर पानच नाही. महाडसारख्या ठिकाणी बसून डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाला प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून कोकणातले मृत्यू खाली आणले, जगभरच्या जर्नलांनी छापलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली, आणि महाराष्ट्रातल्या मेडिसिनच्या रेसिडेंटला दिलेल्या अ‍ॅपमधे प्राझोसिन टाकलं तर प्रोस्टेटचं पान उघडतं!

विचारलं मी सपोर्टला. उत्तर सभ्य होतं, की रीडिझाइनच्या आधी तीन महिन्यांचे व्ह्यूज बघून कमी बघितला जाणारा मजकूर काढला. कुठले तीन महिने? डिसेंबर ते फेब्रुवारी. अहो साप पावसाळ्यात निघतात, जून-जुलैत आमची कॅज्युअल्टी येऊन बघा. थंडीत कोण बघणार सर्पदंशाचा व्हिडिओ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ ला सर्पदंश दुर्लक्षित आजारांच्या यादीत टाकला, आता अ‍ॅपने पण दुर्लक्ष करून ते सार्थ केलं. कीटकनाशकाच्या विषबाधेचं पान मात्र राहिलंय आणि उत्तम आहे, अ‍ॅट्रोपिन दर पाच मिनिटांनी दुप्पट कसं करत जायचं आणि कुठे थांबायचं, छाती कोरडी झाली का बघा, नुसत्या बाहुल्या बघत बसू नका, सगळं नीट. म्हणजे जमतं त्यांना.

बाहेरच्या राज्यातून ऑल इंडिया कोट्यात आलेल्यांसाठी एक छोटी सोय केलीये, मराठीत हिस्टरी कशी घ्यायची त्याच्या आवाजाच्या क्लिप्स. ‘धाप लागते का’, ‘पायाला सूज कधीपासून’, ‘लघवीला जळजळ होते का’. आमच्या युनिटमधली केरळची जेआर वन कानात घालून फिरते आणि परवा एका आजींना म्हणाली, “आजी, भूक लागते का नीट?” तर आजी खूश, तिला भाकरी द्यायला निघाल्या. क्लिप्स सगळ्या पुणेरी वळणाच्या आहेत, आमच्याकडच्या पेशंटचं बोलणं वेगळं पडतं, पण सुरुवात म्हणून झकास.

दिसायला वगैरे? डार्क मोड आहे, रात्री वॉर्डात पेशंट झोपलेले असताना फोन उघडला की आधी टॉर्च मारल्यासारखं व्हायचं ते आता होत नाही. दिवसा मात्र पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं, डिझायनर लोकांना हे का आवडतं देव जाणे, वेब अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या नियमात अक्षर आणि मागचा रंग यात किमान ४.५ ला १ फरक हवा असं सरळ लिहिलेलंय आणि आमच्या चाळिशीतल्या लेक्चररना ते डोस वाचायला चष्मा कपाळावर घेऊन फोन लांब धरावा लागतो. डोस आहेत ते, कविता नाहीत. नोटिफिकेशनबद्दल एक शाबासकी, युनिटचा इमर्जन्सीचा वार एकदा भरून ठेवला की त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अ‍ॅप तोंड उघडत नाही. मग तोच वार त्या ज्योतीला का कळत नाही हा प्रश्न उरतोच.

जिल्हा रुग्णालयातल्या तीन महिन्यांच्या पोस्टिंगमधे अ‍ॅप नीट चालतं, तिथले सुपरवायझर जोडता येत नाहीत एवढंच. रिसर्च मेथडॉलॉजीचा जो कंपल्सरी कोर्स आहे, चेन्नईच्या आयसीएमआरच्या संस्थेचा, त्याची नुसती लिंक दिलीये, त्यापेक्षा जास्त काही नको पण, तो कोर्स आपला आपण बरा आहे.

मला वाटतं ज्यांनी वॉर्डाचा भाग बनवला ते कोणीतरी वॉर्डात येऊन उभे राहिले असणार, एखादी रात्र तरी, नाहीतर सर्च अंगठ्याजवळ आणायचं सुचत नाही. आणि ज्यांनी डॅशबोर्ड आणि लॉगबुक केलं ते कॉन्फरन्स हॉलमधे हेड लोकांबरोबर बसले. रेसिडेंट्सना पण बोलावलं होतं फीडबॅकला, नाही असं नाही, मंगळवारी सकाळी अकराला, भर ओपीडीत. कोण जाणार? थिसिसच्या कामासाठी सुट्टीवर असलेला एक जण गेला आणि समोसा खाऊन आला, त्याचं मत म्हणजे आम्हा सगळ्यांचं मत.

स्टार द्यायचे तर ‘वॉर्डात आहे’ला साडेचार, क्विझला चार (ज्योत विझवलीत तर साडेचार), मिनी-सेक्सला पाच, लॉगबुकला दीड आणि तो दीड पण टाइप कमी करावं लागतं म्हणून. कॉलेज विचारात असेल तर घ्या, पण करारात दोन गोष्टी लिहून घ्या, पेशंटचं नाव-नंबर बाहेर जाणार नाही आणि प्रोसिजर जे करून घेतात त्यांनाच पिनने मंजुरी देता येईल. आणि वापरणाऱ्यांना एकच सांगते, तुमच्याकडे जुन्यावरून नव्यावर जायची तारीख जाहीर झाली की त्याच दिवशी जुन्या लॉगबुकची पीडीएफ काढा, तारखा नीट आहेत ना बघा, प्रिंट मारून गाइडची सही आणि डिपार्टमेंटचा शिक्का घेऊन ठेवा. आमच्याकडे जुनी लिंक जेमतेम महिनाभर चालू होती आणि नंतर मागितलं तर म्हणाले, मॅडम, बॅकअप आहे पण रिक्वेस्ट हेडकडून यायला पाहिजे, आणि ती पण ईमेलने.